अक्कलदाढेनंतरची हिरवी बाटली

१९४३ साली वाहतुकीला खुला झालेला हावडा ब्रिज महायुद्धातून तरला, बंगालच्या उपसागरातल्या वादळांतून तरला, पण पानाच्या पिचकाऱ्यांनी त्याला जेरीस आणलं. २०११ च्या सुमारास पोर्ट ट्रस्टच्या अभियंत्यांनी पाहणी केली तेव्हा खांबांच्या पायथ्याशी बसवलेली सहा मिलिमीटर जाडीची पोलादी आवरणं झिजून तीन मिलिमीटरवर आलेली आढळली. पुढे तिथे धुऊन काढता येतील अशी फायबरग्लासची आवरणं बसवावी लागली. विड्याचं पान वेलीचं, सुपारी झाडाची, कात खैराच्या लाकडाचा, तंबाखू रोपाचा. चुना सोडला तर त्या पिचकारीत वनस्पतीजन्य नाही असं काहीच नाही. हे मुद्दाम आठवायचं कारण असं, की औषधाच्या दुकानात ‘हर्बल’, ‘प्लांट-बेस्ड’, ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ असं लिहिलेली हिरव्या लेबलाची बाटली दिसली की आपण निम्मी चौकशी तिथेच सोडून देतो. अक्कलदाढ काढून आलेल्या माणसापर्यंत तर ती हमखास पोहोचते. कुणी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल सुचवतं, कुणी अननसातल्या एन्झाइमच्या गोळ्या, कुणी आर्निका, कुणी गुळवेल नाहीतर अश्वगंधा. गाल सुजलेला, तोंड पुरतं उघडत नाही, आणि समोर बाटली. तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ती झाडापासून बनली आहे का यावरून ठरत नाही, एवढंच मला इथे मांडायचं आहे. मग ते कशावरून ठरतं, हे तपासायला हावडा-कोलकात्याइतकी योग्य जागा देशात क्वचितच असेल.

मराठी माणसाला हावडा म्हणजे बहुधा रेल्वेच्या पाटीवरचं नाव, गीतांजली आणि आझाद हिंद या गाड्यांचा शेवटचा थांबा. त्या स्टेशनापासून काही किलोमीटरवर, हुगळीच्या त्याच काठावर शिबपूरला, ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट किड या अधिकाऱ्याने १७८७ साली वनस्पती उद्यान सुरू केलं. आज त्याला आचार्य जगदीशचंद्र बोस यांचं नाव आहे आणि लोक तिथे जातात ते रानभर पसरलेला वड बघायला. कंपनीचा डोळा मात्र उपयोगी आणि किमती झाडांवर होता. लवंग आणि जायफळ बंगालच्या हवेत तगत नाहीत, हे तिथे लावून पाहिल्यावरच कळलं. १७९३ मध्ये विल्यम रॉक्सबर्ग उद्यानाचा प्रमुख झाला. तिथल्या सुमारे साडेतीन हजार वनस्पतींची यादी १८१४ साली सेरामपूरला छापून निघाली. नदीपलीकडे कोलकात्यात पुढे झाडपाल्याचा बाजार आणि झाडपाल्याची तपासणी जोडीने वाढली. डाबर १८८४ सालचं, प्रफुल्लचंद्र राय यांची बेंगॉल केमिकल कंपनी १९०१ सालची, आणि कडुनिंबाची टूथपेस्ट घराघरात नेणारी कॅलकटा केमिकल १९१६ ची. याच शहरातल्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांनी देशी औषधी वनस्पती एकेक करून प्रयोगशाळेत नेल्या आणि १९३३ साली त्यांवरचा आपला जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. चोप्रांची चौकशी सरळ होती: झाडात कोणतं द्रव्य आहे, किती आहे, आणि ते शरीरात नेमकं काय करतं. हिरव्या बाटलीलाही तेच विचारायचं.

त्याआधी जखम समजून घ्यायला हवी, कारण बाटलीवर जखमेचं वर्णन नसतं. दाढ सरळ वर आलेली असेल तर काम सोपं. आडवी रुतलेली असेल तर हिरडी कापून, थोडं हाड घासून, कधी दाढेचे तुकडे करून ती बाहेर काढतात. मागे हाडात खळगी राहते. तिच्यात रक्त भरतं आणि काही मिनिटांत गोठतं. पुढचं सगळं या गुठळीवर चालतं: तीच उघड्या हाडाचं झाकण, आणि तिच्याच आधाराने तीन-चार दिवसांत नव्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या आत शिरू लागतात. हिरडी मिटायला तीन-चार आठवडे लागतात, हाड भरायला काही महिने. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग आपोआप उतरू लागते. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिसऱ्या दिवशी घाबरून सुरू केलेली कोणतीही गोळी पाचव्या दिवशी गुणकारी ठरते, मग तिच्यात खडूची भुकटी का असेना. ‘मला तर खूप फरक पडला’ ही शेजारणीची साक्ष खोटी नसते; फरक पडलेलाच असतो, फक्त तो कुणी पाडला हे त्या साक्षीतून कळत नाही. अपवाद ड्राय सॉकेटचा. गुठळी वेळेआधी विरघळली किंवा निघून गेली की हाड उघडं पडतं, आणि उतरणीला लागलेलं दुखणं तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कानापर्यंत ठणका मारत परत चढतं. साध्या दाढांमध्ये असं शंभरातल्या एक ते पाच जणांना होतं. खालच्या, अवघड अक्कलदाढांच्या काही अभ्यासांत हे प्रमाण तीसपर्यंत गेलेलं आहे. धूम्रपान, तोंडाची अस्वच्छता, अवघड शस्त्रक्रिया, काही गर्भनिरोधक गोळ्या ही त्याची ओळखीची कारणं. जोरात चुळा भरणं, स्ट्रॉने ओढून पिणं आणि पचकन थुंकणं यांनी गुठळी हलू शकते, म्हणून डॉक्टर पहिल्या दिवशी ते बंद करायला सांगतात. पानतंबाखू खाणाऱ्याच्या बाबतीत ही सगळी संकटं एकाच तोंडात जमतात.

आता एक गोष्ट, जी दंतवैद्यकाबाहेर फारशी माहीत नाही. जगभर नवी वेदनाशामकं तपासायची झाली की अक्कलदाढ काढलेली माणसं बोलावतात. रुग्ण बहुधा तरुण आणि एरवी निरोगी, शस्त्रक्रिया ठरावीक, वेदना किती वाजता सुरू होईल हेही जवळपास ठाऊक. तुलना करायला याहून सोयीची वेदना नाही. त्यामुळे या दुखण्याबद्दल आपल्याकडे ढीगभर पुरावा आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१३ साली असल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा अक्कलदाढेनंतर आयबुप्रोफेन हे पॅरासिटामॉलपेक्षा सरस ठरलं, आणि दोन्ही एकत्र घेतल्यास आराम आणखी बरा असल्याच्या खुणा मिळाल्या. ड्राय सॉकेट टाळण्याबाबत याच संस्थेच्या आढाव्यात क्लोरहेक्सिडिनच्या जेलचा आणि गुळण्यांचा उपयोग दिसतो. म्हणजे वनस्पतीजन्य सप्लिमेंटला इथे रिकामं मैदान मिळालेलं नाही. शर्यत आखलेली आहे, घड्याळ लावलेलं आहे, आणि आधी धावून गेलेल्यांच्या वेळा फळ्यावर लिहिलेल्या आहेत.

या शर्यतीत खरोखर धावलेली वनस्पती म्हणजे लवंग. लवंगेच्या तेलात बहुतांश युजेनॉल असतं. ते मज्जातंतूंची संवेदना मंद करतं आणि काही जंतूंना आवरतं. दातांचे डॉक्टर झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांचं मिश्रण पिढ्यानपिढ्या वापरत आले आहेत, आणि ड्राय सॉकेट झालेल्या खळगीत युजेनॉलयुक्त पट्टी ठेवली की ठणका लवकर बसतो. पण लवंगेला ही मान्यता कशी मिळाली ते पाहा. ती गोळी म्हणून पोटात गेली नाही. ठरावीक मात्रेत, नेमक्या जागी, गुठळी गेलेली आहे याची खात्री करून ठेवली गेली. तेच तेल घरी बोळ्यावर घेऊन ताज्या जखमेत कोंबलं तर हिरडी भाजते, आणि बोळा काढताना चांगली गुठळी उपटून निघते. द्रव्य तेच, झाड तेच. मात्रा आणि जागा बदलली की औषधाचा अपाय होतो. दाढ काढताना दिलेलं बधिर करण्याचं इंजेक्शनही याच जातकुळीचं. दंतवैद्यकात पहिली बधिरता आली ती कोकाच्या पानातल्या कोकेनने, १८८४ च्या सुमारास. आजचं लिग्नोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालं, तेही बार्लीतल्या एका द्रव्यावरच्या संशोधनाचा धागा पकडून. झाडाला औषधशास्त्रात मज्जाव आहे, ही तक्रार त्यामुळे टिकत नाही.

हळदीचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि मराठी वाचकाला ते जवळचंही वाटेल. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्याचं पेटंट मिळालं. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. पुढे केलेल्या पुराव्यांत जुन्या ग्रंथांबरोबर इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक लेखही होता. हा विजय आपण साजरा केला, आणि तो योग्यच होता. पण त्यात सिद्ध काय झालं? हळद जखमेवर लावण्याची कल्पना नवी नाही, एवढंच. पेटंट कचेरीला हळदीने जखम किती भरते हे ठरवायचं नव्हतं. ही युक्ती आधी कुणाला ठाऊक होती का, इतकंच पाहायचं होतं. ‘अमेरिकेनेही मान्य केलं’ म्हणून कॅप्सूल विकणारे या दोन प्रश्नांची गल्लत करतात. शिवाय आजीची हळद जखमेवर लागत होती, बाटलीतली हळद पोटात जाते. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. चमचाभर, म्हणजे तीन ग्रॅम हळदीत जेमतेम नव्वद मिलिग्रॅम, आणि त्यातलंही फारच थोडं आतड्यातून रक्तात पोहोचतं. म्हणून कंपन्या मिऱ्यातलं पायपरिन घालतात. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की त्याने रक्तातलं कर्क्युमिन वीसपट वाढतं. शोध अस्सल आहे. पण पायपरिन फक्त हळदीलाच वाट करून देत नाही. फिट्सवरच्या फेनिटॉइनसारख्या औषधांचं रक्तातलं प्रमाणही ते वाढवू शकतं. ही ओळ बाटलीवर क्वचितच सापडते.

हळदीच्या बाजूने जे आहे तेही सांगायला हवं. २०१८ साली इंडोनेशियातल्या एका चाचणीत अक्कलदाढेनंतर कर्क्युमिनने मेफेनामिक ॲसिड या वेदनाशामकाच्या तोडीचा, किंबहुना थोडा जास्तच आराम दिला. त्याच वर्षी भारतात ड्राय सॉकेटच्या रुग्णांवर हळदीच्या ड्रेसिंगची झिंक ऑक्साइड-युजेनॉलशी तुलना झाली आणि हळद सरस दिसली. मला हे निकाल आशादायक वाटतात, पण निर्णायक वाटत नाहीत. असल्या चाचण्या लहान असतात, एकेका केंद्रातल्या असतात, आणि पिवळ्या रंगामुळे कुणाला हळद मिळाली हे रुग्णापासून आणि डॉक्टरपासून लपवणंही सोपं नसतं. दुखणं मोजायचं ते रुग्णाच्याच तोंडून, तेव्हा हे लपवणं फार महत्त्वाचं ठरतं. शिवाय चाचणीत वापरलेली कर्क्युमिनची मात्रा आणि दुकानातल्या बाटलीतली मात्रा यांचा मेळ असेलच असं नाही. हळद मोकळी घेतली तर आणखी एक गोष्ट आड येते. बांगलादेशात संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की हळकुंडांना चकाकी यावी म्हणून शिशाचं पिवळं रंगद्रव्य, लेड क्रोमेट, चोळलं जात होतं; पुढे भारतातल्या काही शहरांतल्या नमुन्यांतही शिसं सापडलं. दुधात चिमूटभर हळद घालून प्यायला कुणी मनाई करत नाही, फक्त दूध कोमट हवं आणि त्याच्या भरवशावर वेदनाशामक टाळू नये.

अननसाच्या ब्रोमेलिनबद्दल थोडक्यात बोलता येईल. हे प्रथिन तोडणारं एन्झाइम व्यापारासाठी अननसाच्या खोडातून काढतात, त्यामुळे फोडी खाऊन ते गोळीइतकं मिळत नाही. अक्कलदाढेवर त्याच्या बऱ्याच चाचण्या झाल्या. एकत्र पाहिलं तर दुखणं किंचित कमी झाल्याचा कौल काहींत आहे, सूज आणि तोंड उघडणं याबाबत निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. आर्निकाचा निकाल त्याहून स्पष्ट आहे, आणि होमिओपॅथी घरोघरी मुरलेल्या कोलकात्यात तो अनेकांना कडू लागेल. अक्कलदाढेवरच १९८४ साली ब्रिटनमध्ये आर्निका, मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक आणि रिकामी गोळी यांची तुलना छापून आली. मेट्रोनिडाझोल पुढे गेलं, आणि आर्निका घेणाऱ्यांचं दुखणं रिकामी गोळी घेणाऱ्यांपेक्षाही जास्त होतं. पण इथे बोट फक्त घरगुती उपायांकडे दाखवून चालणार नाही. आपल्याकडे दंतवैद्यांच्या चिठ्ठीत सूज उतरवणाऱ्या एन्झाइमच्या गोळ्या सर्रास असतात: ट्रिप्सिन, ब्रोमेलिन आणि रुटोसाइड यांचं मिश्रण, किंवा सेराशिओपेप्टिडेज. हे दुसरं तर रेशीमकिड्याच्या आतड्यातल्या जिवाणूपासून आलेलं. जपानमधल्या मूळ कंपनीने नव्या चाचण्यांत ते रिकाम्या गोळीपेक्षा वेगळं ठरलं नाही म्हणून २०११ साली स्वतःहून बाजारातून काढून घेतलं. भारतात ते चालूच आहे. पदवीधर डॉक्टरने लिहिलं म्हणून पुरावा तयार होत नाही, हे या लेखाच्या म्हणण्यातच येतं, आणि ते मान्य करताना डॉक्टरांना वाईट वाटलं तरी हरकत नाही.

यावर पहिला आक्षेप परंपरेचा: हजारो वर्षं वापरलेली गोष्ट निरुपयोगी कशी असेल? आक्षेप गंभीर आहे, कारण परंपरेने खरोखर औषधं दिली आहेत. सर्पगंधेचं उदाहरण याच शहरातलं. १९३१ मध्ये कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि उन्माद यांवर तिचा परिणाम नोंदवला. मुंबईत डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रुग्णांवर पद्धतशीर अनुभव घेऊन १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध लिहिला, आणि मग जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. आणि त्याच वापरातून हेही कळलं, की ते काहींना खोल उदासीनतेत ढकलतं. सर्पगंधेचे गुण आणि दोष दोन्ही तपासणीतून पुढे आले. परंपरा तिथे वाट दाखवणारी होती. आणि अक्कलदाढेच्या बाबतीत तर परंपरेकडे ही वाटही धूसर आहे. रुतलेली दाढ हिरडी कापून, हाड घासून काढण्याची शस्त्रक्रिया मुळातच अर्वाचीन. भुलीच्या इंजेक्शनाशिवाय ती सहज होणारी नव्हती. तिच्यानंतर काय घ्यावं, याचा हजार वर्षांचा अनुभव कुणाकडेच असणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त प्रचलित आहे: गुण नाही आला तर नाही, अपाय तर नाही ना? २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. करोनाच्या काळात लोक काढा म्हणून ती भरपूर घेत होते. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला, वाद झाला, पुढे देशातल्या इतर केंद्रांतूनही असे रुग्ण नोंदले गेले. अमेरिका आणि इटलीत हळदीच्या जोरकस अर्कांनंतर यकृताच्या तक्रारी नोंदल्या आहेत. स्वयंपाकातल्या हळदीबद्दल कुणी तसं म्हटलेलं नाही. अक्कलदाढेला लागू पडणारा धोका मात्र याहून साधा आहे, आणि तो रक्तस्रावाचा. लसणाचा अर्क, गिंको, जिनसेंग यांच्या मोठ्या मात्रा रक्त गोठण्यात ढवळाढवळ करू शकतात, म्हणून भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी त्या थांबवायला सांगतात. इथे तर आपल्याला गुठळी हवीच आहे. ॲस्पिरिन किंवा वॉरफॅरिन घेणाऱ्याने दंतवैद्याला त्या गोळ्या जशा सांगायच्या, तशाच कॅप्सूलही सांगायच्या. पण ‘ते काय औषध थोडंच आहे’ म्हणून त्या सांगायच्या राहून जातात. कायदाही तसंच म्हणतो, हे त्यातलं गंमतीदार. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार सप्लिमेंटच्या वेष्टनावर ते औषधी वापरासाठी नाही असं लिहावं लागतं. दर्शनी बाजूला जखम लवकर भरण्याची सूचना आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात हा इन्कार: ग्राहकाने कुठली बाजू वाचायची, हे विक्रेत्याला पक्कं ठाऊक असतं.

मग वेदनाशामकं तरी कुठे निरुपद्रवी आहेत, असं कुणी विचारील. नाहीतच. आयबुप्रोफेनने आम्लपित्त, अल्सर, मूत्रपिंडाचे त्रास बळावतात, काही दमेकऱ्यांना ते सोसत नाही. आणि पावसाळ्यात, डेंग्यूची शंका असताना, ते घेऊच नये, कारण त्याने रक्तस्राव वाढू शकतो. हावडा-कोलकात्यातल्या माणसाला हे सप्टेंबरात वेगळं सांगावं लागत नाही. पुण्या-मुंबईतल्या माणसाला मात्र लागावं. पण या औषधाचे धोके आपल्याला कळलेत तेच मुळी त्याची मोजदाद झाली म्हणून. तीनचार दिवसांचा वापर, ठरलेली मात्रा, कुणी घेऊ नये याची यादी, हे सगळं छापलेलं मिळतं. सप्लिमेंटच्या बाबतीत ही यादी कोरी असते, आणि कोऱ्या कागदाला आपण निर्धोकपणाचा दाखला समजतो.

झाडांकडून या दिवसांत खरी मदत हवी असेल तर ती बाटलीऐवजी ताटातून मिळते. जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि तोंड उघडत नसल्यामुळे नेमकी तीच कमी पडतात. दोन दिवस नुसत्या चहाबिस्किटांवर काढणारे पुष्कळ. मऊ भात आणि मेतकूट, गुरगुट्या खिचडीत जास्तीची डाळ, घोटलेलं वरण, दही. बंगाली घरात पातळ खिचुडी. नव्या ऊतींसाठी क जीवनसत्त्व लागतं, पण प्रौढ माणसाची दिवसाची गरज सत्तर-ऐंशी मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि एका आवळ्याच्या रसात ती भागते. पेरूतही ते मुबलक, मात्र पेरूच्या बिया खळगीत अडकून बसतात तेव्हा तो पुढच्या महिन्यात. ज्याला कुपोषण नाही, त्याने वरून आणखी जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन जखम वेगाने भरत नाही. पहिले चोवीस तास सगळं कोमट किंवा गार हवं. मातीच्या भांड्यात वाफाळता चहा घेणाऱ्या शहरात हाच नियम सर्वांत आधी मोडतो. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याच्या हलक्या गुळण्या, विडी-सिगारेट-जर्दा बंद, आणि दुखणं तिसऱ्या दिवसानंतर वाढायला लागलं, ताप आला, गिळायला त्रास झाला किंवा सूज गळ्याकडे उतरली तर कोणतीही बाटली न उघडता थेट दंतवैद्याकडे. यातल्या एकाही गोष्टीची जाहिरात होत नाही, कारण मीठ, डाळ आणि न थुंकणं यांवर नफा नाही.

राहता राहिला प्रश्न हळद-अननसाच्या त्या आशादायक निकालांचा. त्यांचा छडा लावायला परदेशाकडे पाहायची गरज नाही. सियालदाजवळचं डॉ. आर. अहमद डेंटल कॉलेज हे देशातलं पहिलं दंतवैद्यक महाविद्यालय, अमेरिकेत आयोवाला शिकून आलेल्या रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली काढलेलं आणि १९४९ मध्ये सरकारच्या हाती सोपवलेलं. अशा सरकारी दंत रुग्णालयांत रुतलेल्या अक्कलदाढा रोजच्या रोज निघतात. पुष्कळांच्या खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा सारख्याच आडव्या असतात. त्या काही आठवड्यांच्या अंतराने काढल्या तर एकाच माणसात तुलना होते. एका खेपेला कर्क्युमिनची कॅप्सूल, दुसऱ्या खेपेला तशीच दिसणारी रिकामी, कुठली कधी हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि सूज मोजणाऱ्यालाही नाही. दोन्ही खेपांना वेदनाशामक हाताशी, म्हणजे कुणाचे हालही नाहीत. अशी चाचणी तीनचार सरकारी महाविद्यालयांनी मिळून केली तर वर्षभरात उत्तर हाती यावं. ते हळदीच्या बाजूने आलं, तर मात्रा ठरवून ती दंतवैद्याच्या चिठ्ठीत यावी आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळावी. विरुद्ध आलं, तर बाटलीच्या दर्शनी बाजूवरचं जखमेचं चित्र काढून टाकायला लावावं.